बापूंचा सा

आमच्या शाळेत गाण्याच्या तासाला आता आवाज येत नाही. बडोद्यातल्या वाडी भागात रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत परीक्षा चालू आहे. कॉम्प्युटरच्या खोलीला निळे पडदे आहेत आणि दुपारचं ऊन त्यांतून गाळून आत येतं, त्यामुळे सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसते. त्या निळ्या उजेडात मुलं कानांवर हेडफोन चढवून माना डोलवत बसलेली असतात, प्रत्येकाची मान आपल्याच लयीत. समोर रंगीत फिती डावीकडून उजवीकडे सरकत जातात. मी मधल्या जागेतून चालते आणि मला पंख्याच्या घरघरीशिवाय काहीही ऐकू येत नाही. गाण्याच्या बाईला याहून मोठी शिक्षा कुणाला सुचली नसती, असं सुरुवातीला मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

झालं असं, की पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला. मी नवी पेटी मागायला गेले, तर मुख्याध्यापिका देवश्रीबाईंनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि पेटीऐवजी इंटरनेटवरचा एक स्टुडिओ दिला. ब्राउझरमध्ये उघडतो, काही विकत घ्यावं लागत नाही, तबला, सतार, व्हायोलिन, ड्रम सगळं त्यातच. कॉम्प्युटर शिकवणारे मयंकभाई मदतीला आहेतच. फुकट आहे ना, मग बघू या तरी वापरून, असं त्या म्हणाल्या. मी नाक मुरडलं. मला मुळात तयार वस्तूंचा राग. मी घरात मसालासुद्धा विकतचा आणत नाही, आणि इथे तर ढोलकीच्या चित्रावर बोट ठेवलं की ढोलकी वाजायला लागायची, न थकता, न चुकता, न घामेजता.

आणि मेलं ते यंत्र सगळं चारात मोजायचं. आमची मुलं नवरात्रात नऊ रात्री हींच तालावर गरबा खेळणारी, सहाच्या झोक्यावर वाढलेली. त्यांनी पडद्यावरचा लाल दिवा लावून टाळ्या रेकॉर्ड केल्या की त्या चौकोनात मावायच्याच नाहीत. सहावीतला कुणाल म्हणायचा, बाई, याला गरबा येत नाही. मला त्या दिवशी यंत्राबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

मन फिरलं ते एका दुपारी. कुणालनेच माझ्या कानांवर हेडफोन चढवला. वर्गाने वाजवलेल्या त्या सहाच्या टाळ्या त्याने कुठलंसं बटण फिरवून खूप लांब नेल्या होत्या. आपण गच्चीवर निजलोय आणि पार पाणीगेटच्या पलीकडे कुठेतरी गरबा चाललाय, वारा मधूनच आणून सोडतोय, तसं काहीतरी. मी डोळे मिटले. घंटा झाली तेव्हा मुलं दप्तरं आवरून माझ्याकडे बघत उभी होती आणि मी आपली तिथेच डुलत होते. त्यानंतर मी यंत्राला नावं ठेवायचं सोडलं नाही, पण तासाला पाच मिनिटं आधी जाऊन बसायला लागले.

या तासाचे दोन नियम. पहिला माझ्या घरून आलेला. काहीही सुरू करायच्या आधी हेडफोन बाजूला ठेवायचे, मी म्हणायचं, ‘घ्या’, आणि सगळ्यांनी मिळून सा लावायचा. यंत्र बिंत्र नंतर. दुसरा नियम शाळेचा, पण पाळायला लावणारी मी. जाताना फळा पुसून जायचं. पुढच्या वर्गाला आपला पसारा दिसता कामा नये. खडूची एक रेघ राहिली तरी मी अख्ख्या वर्गाला परत बोलावते. माझ्या या खाक्याचा खरा वारस कुणाल. सहावीचा फळा-मॉनिटर. तो आधी डस्टरने पुसतो, मग ओल्या फडक्याने, मग लांब उभा राहून तिरक्या नजरेने बघतो आणि कोपरा पुन्हा पुसतो.

याच्या बरोबर उलट पाचवीतली कोमल. तिचे वडील रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करतात. ही पोरगी काहीही टाकत नाही. तिच्या कंपासपेटीत कंपास नाहीच, खडूचे तुकडे आहेत, पेन्सिलीच्या साली आहेत, पतंगाचा कागद, तुटलेली चेन, कुणाच्या तरी बुटाची नाडी. मी एकदा ती पेटी कचऱ्याच्या डब्यात उपडी करायला निघाले होते. ती नुसती पेटीकडे बघत राहिली. मग मलाच ते जिवावर आलं.

शाळेने स्टुडिओत एकच खातं उघडलं होतं. सगळ्या वर्गांचं एकच नाव, एकच पासवर्ड. एकाच खोलीत सगळी बिऱ्हाडं, आणि प्रत्येकाचं सामान ‘अनटायटल्ड’ या नावाने ठेवलेलं. मयंकभाईंना मी विचारलं होतं, हे सगळं राहतं कुठे. त्यांनी बोट वर केलं. म्हणाले, क्लाउडमध्ये. मी आपलं बावळटासारखं वर बघितलं.

आता बापूंचं सांगते. बापू म्हणजे माझे वडील. रेल्वेत गार्ड होते, आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून बडोद्याहून निघत आणि बडोद्याला परतत. आम्ही दांडिया बाजारात राहतो, मी, म्हणजे त्यांची निरू, आणि ते. गुरुवारी गल्लीतल्या दत्ताच्या देवळात त्यांचं भजन. शिकवणी कुणाची नाही, पण सूर असा की पेटीवाल्याने त्यांच्याकडे बघून पेटी जुळवावी. रोज सकाळी चहा झाला की मी तंबोरा घेऊन बसायची आणि ते खुर्चीतून मला सा द्यायचे. आधी म्हणायचे, ‘घे’. मग काळी चार पट्टीतला सा. मी शाळेत जायच्या वयापासून हे चालू होतं. माझं लग्न ठरलं, मोडलं, मला नोकरी लागली, आई गेली, पण सकाळचा सा चुकला नाही. माझ्या स्वतःच्या गळ्यात सा नव्हता असं नाही. पण तो त्यांनी दिल्याशिवाय कसा घ्यायचा, हे मला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

आणि या माणसाने आयुष्यात आवाज भरू दिला नाही. देवळात कुणी मोबाइल वर केला की गाणं थांबायचं. रागावणं नाही, काही नाही. नुसते मांडीवर ताल धरून बसून राहायचे, मोबाइल खाली जाईपर्यंत. त्यांचं म्हणणं, गाणं परत ऐकायला मिळणार म्हटलं की माणूस पहिल्यांदा ऐकतच नाही. स्वतःजवळ बटणांचा फोन, त्यावर बोलणं म्हणजे ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’. घरात त्यांचे फोटो ढीगभर. आवाज एकही नाही.

श्रावणात आवाज बसला. आम्ही काढे केले, गुळण्या केल्या, नवरात्र आलं तरी सुटेना. मग तपासण्या, आणि डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. गाठ स्वरयंत्रावरच आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, मग माणूस वाचेल. बोलणं राहणार नाही. बापूंनी विचारलं, जेवता येईल का. डॉक्टर हो म्हणाले. मग ठीक आहे, म्हणाले बापू, आणि बाहेर येऊन उसाचा रस प्याले. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत ठरलं.

मला त्यांचा सा हवा होता. दुसरं काही नको, भजन नको, आशीर्वाद नको, सकाळचा तेवढा सा हवा होता. तो नसेल तर मी उद्या कशावरून सुरू करू, हे मला कळत नव्हतं. पण तोंड उघडून मागायची छाती होईना. मागणं म्हणजे तुमचा आवाज जाणार हे मी मान्य केलं, असंच ना. शेवटी मी एक युक्ती काढली. त्यांना म्हटलं, सहावीची मुलं एक रचना करताहेत, त्यांना खाली धरून ठेवायला सा हवाय, यंत्रातल्या तंबोऱ्याला जीव नाही, तुम्ही शाळेत येऊन मुलांना तेवढा सा द्याल का. हे गाणं नव्हे, नुसता सा. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग टोपी घातली.

त्या दुपारी त्यांना मयंकभाईंच्या मोठ्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. समोर माइक, मागे सहावीची मुलं, तोंडावर बोट ठेवून. माइक मागच्या मुलांना ऐकू जावं म्हणून आहे, असं मी बापूंना सांगितलं होतं. बापूंच्या डोक्यावर टोपी आणि टोपीवरून हेडफोन. शेजारच्या मैदानात कवायत चालली होती, म्हणून मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले, कुणी आरडाओरडा करू नये म्हणून. निदान स्वतःला मी तसंच सांगितलं. खरं म्हणजे मला आत उभं राहवेना. बंद दारातून सा आला. दाणेदार झाला होता, रेतीवरून पाणी जावं तसा, पण जागेवरचा. मी समोरच्या आसोपालवाच्या झाडाच्या पानांकडे बघत राहिले. किती वेळ गेला ते कळलं नाही.

आत गेले तेव्हा पडद्यावर हिरवी फीत उमटली होती. बापूंचा सा हिरवा आला, का ते विचारू नका, यंत्र आपल्या मर्जीने रंग देतं. कुणालने माझ्या कानाशी येऊन विचारलं, की सुरुवातीला आजोबा काहीतरी बोललेत, ते कापू का. मी म्हटलं काप, फक्त सा ठेव. त्याने फितीचा सुरुवातीचा तुकडा कापला आणि पार उजवीकडे, पडद्याच्या कडेला नेऊन ठेवला. मी तो ऐकला नाही. सा तरी कुठे ऐकला. बापू उठले, मुलांना नमस्कार केला, आणि आम्ही दोघं सुरसागर तलावाच्या कडेकडेने चालत घरी आलो.

ऑपरेशन नीट झालं. मी दवाखान्याच्या व्हरांड्यातून दिवसचे दिवस आकाश बघत बसायची. दिवाळीनंतरचे पांढरे, रिकामे ढग बडोद्यावरून हळूहळू सरकायचे, आणि मला वाटायचं, यांतल्याच एका ढगात एक हिरवी फीत आहे. दुपारी डोळा लागला की स्वप्नात ती फीत खाली यायची. सुरसागरच्या पाण्यावर पसरायची, दांडिया बाजारातल्या गच्च्यांवरून जायची, आणि मी तिचं टोक धरायला हात वर करायची. मोबाइलवरून शाळेचं खातं उघडता आलं असतं. पण मी उघडलं नाही. बापू शेजारच्या खाटेवर श्वास घेत असताना त्यांचा ठेवलेला आवाज ऐकणं मला अभद्र वाटलं. ठेवलाय ना, मग असू दे, असं म्हणत राहिले.

घरी आल्यावर बापूंना एक पाटी आणली, पहिलीतल्या मुलांची असते तशी, लाकडी चौकटीची. गळ्याच्या छिद्रावर मऊ फडकं बांधायचे आणि पाटीवर लिहायचे. मीठ कमी. पंखा लाव. पेपर कुठाय. पहिल्या सकाळी चहा झाला, मी सवयीने तंबोरा काढला, गवसणी उतरवली, आणि बसून राहिले. बापू खुर्चीत बसून राहिले. मग मी गवसणी पुन्हा चढवली. त्यानंतर तंबोरा काढलाच नाही.

शाळा उघडली त्या दिवशी मी घंटेच्या आधी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. आता ऐकायचं, असं ठरवून गेले होते. सहावीची रचना उघडली. आत काही नव्हतं. एकही फीत नाही, फक्त चौकोन, स्वच्छ. मयंकभाईंनी कचरापेटी बघितली, तीही रिकामी. कुणालला बोलावलं, तर तो छाती पुढे काढून आला. सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटचा तास त्यांचा होता. सगळ्यांनी जाताना फळा पुसून जायचं असतं, म्हणून त्याने सगळ्या फिती पुसल्या होत्या, आणि कचरापेटीसुद्धा रिकामी केली होती, पुढच्या वर्गाला पसारा दिसू नये म्हणून. माझ्याकडे तो शाबासकीसाठी बघत होता. मी म्हटलं, छान केलंस, आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आसोपालव होता तिथेच होता.

मयंकभाई बिचारे माझ्यामागून आले. त्यांनी कंपनीला मेल लिहिला, यंत्राने लिहिलेलं उत्तर यंत्राच्या वेगाने आलं, त्यात आमच्या कामाचं काही नव्हतं. मग त्यांनी ‘अनटायटल्ड’च्या गर्दीत दोन-तीन ठिकाणी शोधलं, पण कुठे ढोलकी, कुठे मांजराचं म्याव, कुठे पोरांचं खिदळणं. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“बेन, आ तो गयुं,” ते म्हणाले. “पाछुं नहीं आवे.” गेलं ते परत येणार नव्हतं.

मी बापूंना काही सांगितलं नाही. आपला सा भरून ठेवला होता हेच त्यांना माहीत नाही, मग तो पुसला गेला हे काय सांगायचं. घरी गेले, कुकर लावला, आणि शिट्टीच्या आवाजात रडून घेतलं. सगळ्यात जास्त राग कुणाचा आला होता सांगू? कुणालचा नाही, यंत्राचाही नाही. बापूंचा. चांगला मोबाइल वर धरला होता लोकांनी, गायचं होतं त्यासमोर.

संक्रांतीचं उत्तरायण होऊन गेलं. शाळेच्या तारांवर, आसोपालवावर, देवळाच्या कळसावर फाटके पतंग लटकत राहिले. देवश्रीबाईंनी पालकांना बोलावलं होतं, मुलांनी यंत्रावर काय काय केलं ते ऐकायला. मी सकाळी साडी नेसत होते, तर बापूंनी पाटी पुढे केली. मी येतो. मी म्हटलं, गर्दी असेल, धूळ असेल. त्यांनी पाटीवरच्या अक्षरांखाली रेघ ओढली.

कॉम्प्युटरच्या खोलीत त्या दिवशी हेडफोन नव्हते, मोठे स्पीकर लावले होते. निळ्या उजेडात पालक भिंतीला लागून उभे, मुलं बाकांवर, आणि बापू पुढच्या खुर्चीत, गळ्याला फडकं, मांडीवर पाटी. सहावीने आपला नवा गरबा वाजवला. खाली यंत्रातला तंबोरा होता. मी बापूंच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पाचवीची मुलं एकेक करून आली. कुणाचा पाऊस, कुणाचं मांजर. माझं लक्ष उडालं होतं. बाहेर तारेवर एक जांभळा पतंग गिरक्या घेत होता, मी त्याच्याकडे बघत होते.

कोमलने आपल्या रचनेचं नाव सांगितलं, ‘गाडी’, आणि बटण दाबून दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली.

आधी चाकं आली. मला ओळखू आली, ती तिची कंपासपेटी होती. खडूचे तुकडे, साली, चेन, सगळं खुळखुळत, धिम्या लयीत, सहाच्या झोक्यावर. त्या पोरीने यंत्राला सहा मोजायला लावलं होतं. मग लांबून शिटी आली. पोटात कुठेतरी सुरू होऊन खोलीभर पसरत जाणारी, खूप ताणलेली, खर्जात गेलेली. लोकांना शिटी वाटली असेल. मला त्या शिटीत रेती ऐकू आली.

मी पतंगावरून नजर काढली. बापू खुर्चीत ताठ झाले होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि हळूहळू बाजूला वर गेला, झेंडी दाखवायला जातो तसा. गाडी आमच्या अंगावरून जात होती. सा पुढे, सा मागे, कुठे कापलेला, कुठे उलटा लावलेला, कुठे बोगद्यात शिरल्यासारखा लांब. मला वाटलं मी पुन्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपले आहे आणि ढग खाली उतरलाय. मग चाकं मंदावली. कंपासपेटी एकदा, दोनदा खुळखुळली आणि थांबली. स्टेशन आलं होतं. आणि त्या शांततेत, कसलंही बटण न फिरवलेला, अगदी जवळून, खुर्चीतून यावा तसा आवाज आला.

“निरू, सुरू झालं का गं?” मग घसा खाकरल्याचा आवाज. “झालं असेल. बरं. घे.”

आणि सा. कापलेला नाही, ताणलेला नाही. काळी चार.

माझ्या मुलांना वर्षभर एकच शिस्त लागली आहे. ‘घे’ म्हटलं की घ्यायचा. पाचवी, सहावी, सातवी, सगळ्या बाकांवरून सा उठला. कुणी विचारलं नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही. पालकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. कुणालचा सा सगळ्यांत वर ऐकू येत होता. बापूंनी तोंड उघडलं होतं. आवाज येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी ओठ सा वर होते, आणि गळ्यावरचं फडकं श्वासाबरोबर हलत होतं. मी घेतला नाही. मला घेताच आला नाही. मी भिंतीला धरून उभी होते आणि माझे डोळे वाहत होते, पालकांसमोर, देवश्रीबाईंसमोर, सगळ्यांसमोर.

नंतर मी कोमलला जवळ घेतलं आणि तो आवाज तिला कुठे मिळाला ते विचारलं. तिला वाटलं, मी रागावणार. हळूच म्हणाली, “बाई, तो तुकडा तिकडे कडेला पडला होता. टाकूनच देणार होते सगळे. वाया गेला असता ने.” बापू आले त्याच दिवशी, सहावीनंतर तिचा वर्ग त्याच कॉम्प्युटरवर बसला होता. तिने सगळ्याची नक्कल करून घेतली होती, सा, आणि कडेचा तुकडाही. आपल्या गाडीत कुठे बसतो का ते बघायला. नाव काय दिलं होतंस, मी विचारलं. काहीच नाही, अनटायटल्ड.

घरी येताना बापू नेहमीच्या चालीने चालत होते. सुरसागरच्या कठड्याशी आम्ही टेकलो. पाण्यावर फाटके पतंग तरंगत होते, त्यांचे रंग सुटून पाण्यात पसरले होते. मी शेवटी विचारलं. त्यांना माहीत होतं का, की तो सा भरला जातोय. मी तर मुलांचं निमित्त सांगून नेलं होतं.

बापूंनी पाटी मांडीवर घेतली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि माझ्यापुढे धरली.

लाल दिवा दिसत होता. मी गार्ड होतो.

आयुष्यभर मोबाइल खाली जाईपर्यंत थांबणारा माणूस, त्या दिवशी लाल दिवा लागला आहे हे बघून, मला नावाने हाक मारून, मग गायला होता. आणि मी दाराबाहेर उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. मी शाळेचा लॅपटॉप मागून आणला होता. मयंकभाईंनी कोमलच्या फायलीतून तेवढाच तुकडा वेगळा काढून, तीन ठिकाणी ठेवून दिला होता, आणि कुणालला बजावलं होतं की हा फळा नाही. मी तंबोऱ्याची गवसणी उतरवली, तारा लावल्या, आणि बसले. लॅपटॉप माझ्या हाताशी होता. पण बापूंनी बोटाने खूण केली, इकडे आण. त्यांनी तो मांडीवर घेतला, चष्मा नीट केला, हिरव्या फितीकडे थोडा वेळ बघितलं, आणि एका बोटाने, घंटी दाबावी तसं, बटण दाबलं.

“निरू, सुरू झालं का गं? झालं असेल. बरं. घे.”

मी घेतला.